सातवी डिस्क

१

वीज गेल्याचा राग एलुबीला नव्हता. वीज जातेच. परत येताना ती अशी दणक्यात आली की रेडिओच्या संग्रहाचं मशीन एकदा कण्हलं आणि गप्प झालं, तेही तिने गिळलं असतं. पण हा दणका अडवणारं एखादं बरं यंत्र बसवा, असं ती गेली दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती आणि व्यवस्थापक काचिंग्वे, ज्यांना सगळे मानाने 'बाम्बो' म्हणत, दोन वर्षं 'बघू या' म्हणत होते. त्या 'बघू या'चा तिला असा काही राग आला होता की सकाळपासून तिने चहालाही हात लावला नव्हता.

मलावीतल्या झोंबा डोंगराच्या पायथ्याशी चिसुंगाचा बाजार, आणि बाजार संपतो तिथे हा रेडिओ. तीन खोल्या, एक मनोरा आणि एक तंत्रज्ञ. ती तंत्रज्ञ म्हणजे एलुबी माक्विंजा. निवेदकाचा माईक, छपरावरची तार, संडासातला दिवा, सगळं हिच्याच गळ्यात. मशीनची खोली सगळ्यात मागची, बिनखिडकीची. पूर्वी तिथे शेंगांची पोती ठेवत आणि तो मातकट वास अजून भिंतींमधून गेला नव्हता.

"ओदि," दाराबाहेरून आवाज आला.

"ओदिनि," एलुबी तुटकपणे म्हणाली.

काचिंग्वे आत आले. इथे बाहेरच्याने 'ओदि' म्हणायचं आणि आतल्याने 'ओदिनि' म्हटल्यावरच उंबरा ओलांडायचा. कचेरीचा साहेब असो की भांडायला आलेला शेजारी, तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर तो मुकाट्याने परत फिरतो. एवढी रीत इथे दुधपित्या पोरालाही ठाऊक असते.

"काय म्हणतंय मशीन?" काचिंग्वेंनी विचारलं.

"मशीन काही म्हणत नाही बाम्बो, तीच तर अडचण आहे. डिस्क सहाच्या सहा शाबूत आहेत. पण त्या सहांना एकत्र हाकणारं कार्ड, म्हणजे कंट्रोलर, जळून कोळसा झालाय. कार्ड नाही तर आत काय आहे ते कुणालाच दिसणार नाही."

"आणि तुझ्या त्या मुलाखतीचं?"

"माझ्या नाही. आमच्या गावाच्या."

ती हे अशा सुरात म्हणाली की काचिंग्वेंनी मान खाली घातली. एलुबीच्या आईच्या गावाची जमीन शेजारच्या तंबाखूच्या मळेवाल्यांनी खांब रोवून आत घेतली होती. कागद त्यांच्याकडे होते, गावाकडे फक्त आवाज होता. गावच्या मुखिया अबिटी सैदी वारल्या, त्याआधी या रेडिओवर त्यांची मुलाखत झाली होती आणि तीत त्यांनी हद्द तोंडाने सांगितली होती, ओढ्यापासून कबरींच्या राईपर्यंत. मळ्याचे जुने साहेबही तेव्हा शेजारी बसून मान डोलवत होते. परवा गुरुवारी न्यायालयात तो आवाज ऐकवायचा होता. त्याची एक वेगळी प्रतही होती. तिच्यावर बाम्बो काचिंग्वेंनी पुतणीच्या लग्नातली गाणी भरली होती.

"बघू या," काचिंग्वे म्हणाले आणि एलुबीने पेचकस टेबलावर जरा जोरातच ठेवला.

२

कार्ड मिळालं, तेही राग यावा असंच. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने गरिबांची सेवा म्हणून जुन्या सामानाचा एक खोका मागे पाठवला होता. तुटके कळफलक, खिळखिळे पंखे, वर हसऱ्या मुलांचं चित्र छापलेलं एक शुभेच्छापत्र. आपल्याकडचा केर काढायचा आणि वर धन्यवादाची वाट बघायची, असा तो खोका. एलुबी त्यात हात घालताना नेहमी काहीबाही पुटपुटायची. पण तळाशी तिला हवा होता तसा कंट्रोलर निघाला. जळालेल्याच घराण्यातला, जरा पुढच्या पिढीचा.

पुढच्या पिढीचा असल्यामुळे मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीला त्याची भाषा येत नव्हती. ती भाषा सांगणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि तो बनवणाऱ्यांनी नव्या लिनक्ससाठीच बनवला होता. ज्यांच्याकडे जुनं आहे त्यांनी नवं घ्यावं, असा सल्ला त्यांच्या पानावर गोड शब्दांत दिला होता. एलुबीने त्या सल्ल्याला चार शब्द सुनावले, स्वतःच्या फोनवरून ड्रायव्हरचा मूळ मजकूर उतरवून घेतला आणि जुन्या लिनक्सच्या मापाने तो स्वतः बांधायला बसली. पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्यांदा वेगळाच नकार आला. दुपारी तिने डब्यातली थंड न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकी मासळी उभ्या उभ्याच खाल्ली, एका ओळीतला जुना शब्द बदलला, आणि ड्रायव्हर निमूटपणे बांधला गेला. मग मशीन सुरू होतानाच तो हाताशी असावा म्हणून तिने त्याला सुरुवातीच्या गाठोड्यात बांधलं.

तोपर्यंत सहाही डिस्क तिने बाहेर काढून एका चितेंजेवर, बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडावर, ओळीने ठेवल्या होत्या. नव्या कार्डाचं डोकं कसं आहे ते कळेपर्यंत आपला माल त्याच्या हाती द्यायचा नाही, ही तिची सवय होती. आता तिने एकेक डिस्क ज्याच्या त्याच्या खणात सरकवली. खण आठ होते. शेवटचे दोन पहिल्यापासून रिकामेच.

तिने मशीन सुरू केलं. पंखे घोंघावले. कार्डाने काळ्या पडद्यावर आपला प्रश्न टाकला: परक्या डिस्क सापडल्या आहेत, आपल्यात घ्यायच्या का?

यात नवल काहीच नव्हतं. नव्या कार्डाला जुन्या डिस्क परक्याच वाटतात. सून नवी असते, पण घरातल्या सगळ्यांना तीच परकं समजते, तसं. त्यामुळे अशा वेळी होय म्हणायचं असतं. पण प्रश्नाखाली आकडा होता, आणि तो सात होता.

एलुबीने पुन्हा पाहिलं. सात.

"एलुबी," बाहेरून काचिंग्वेंनी आवाज दिला, "संध्याकाळच्या कार्यक्रमात गाणी मिळतील ना? मी लोकांना सांगून बसलोय."

"सांगून बसलात? न विचारता?"

"अगं, तू करशील असं वाटलं."

तिच्या डोक्यात सणक गेली. खोक्यातलं भंगार कार्ड, त्याला धड मोजताही येत नाही, आणि बाहेर हे सांगून बसलेत. तिने 'होय'ची कळ दाबली.

३

संग्रह दिसला. सगळी वर्षं, सगळी नावं, जिथल्या तिथे. एलुबीच्या जिवात जीव आला, आणि ज्याच्यावर ओरडावं असं कुणी समोर नसल्याने ती एकटीच जरा हसली.

मग तिने डिस्क मोजल्या. लिनक्सनेही सातच सांगितल्या. सहा तिच्या ओळखीच्या. सातवी आठव्या खणात.

आठवा खण रिकामा होता. त्याच्या तोंडावरची प्लास्टिकची झडप तिने स्वतः पुसली होती. आता त्या झडपेशेजारचा हिरवा दिवा लुकलुकत होता. डिस्कवर काही वाचलं जात असतं तेव्हा तो लुकलुकतो, एरवी मुळीच नाही.

तारेत काही गडबड असेल, तिने स्वतःला समजावलं. जुन्या कार्डाला भुतं दिसतात, असं तंत्रज्ञ थट्टेने म्हणतातच. तिने झडप काढली आणि विजेरी आत मारली. खण अगदी मागपर्यंत रिकामा. थोडी धूळ आणि मेलेली एक माशी.

पण तिच्या मनगटाला ऊब लागली.

अशी यंत्रं समोरून हवा आत ओढतात आणि मागून सोडतात. त्यात बदल होत नाही, पंख्यांची तोंडंच तशी बसवलेली असतात. एलुबीने कमरेच्या चितेंजेचं टोक पहिल्या खणापुढे धरलं. कापड आत ओढलं गेलं. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या खणापुढे तसंच. आठव्यापुढे धरलं तर कापड तिच्याकडे आलं. जरा थांबून लोंबकळलं. परत तिच्याकडे आलं.

ती बराच वेळ ते टोक धरून बसली. पंखा बंद पडत असेल आणि परत सुरू होत असेल, तिच्या बुद्धीने तिला सांगितलं. त्या खणामागे पंखाच नव्हता, हेही तिच्याच बुद्धीने सांगितलं. शेवटी तिने झडप लावली आणि वर चिकटपट्टी डकवली.

४

बुधवारी सकाळी आली तेव्हा कार्ड कामाला लागलेलं होतं. सहा डिस्क आणि सातवी यांच्यात फरक आढळला आहे, असं पडद्यावर होतं. सातवी खरी धरून बाकीच्या सहा तिच्याबरहुकूम केल्या जात आहेत.

एलुबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं कोण आणि खोटं कोण हे ठरवणारं हे कोण? गेली नऊ वर्षं तिने त्या सहा डिस्क जिवापाड जपलेल्या. सातवी काल आली, न विचारता... न विचारता नाही. विचारून आली होती. हे आठवल्यावर तिचा राग अर्ध्यावरच थबकला.

तिने थांबण्याचा हुकूम दिला. कार्डाने मानला नाही. खटका ओढावा तर सहाही डिस्क अर्ध्या अशा अर्ध्या तशा राहतील आणि अबिटी सैदींचा आवाज कायमचा जाईल. म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एक तांबडी रेघ पडद्यावर उजवीकडे सरकत गेली आणि पोहोचली.

संग्रह तसाच दिसत होता. तिने एक जुनी बातमी लावली. मक्याचे बाजारभाव, निवेदक घाईघाईने वाचत होता. मध्येच बाहेरून कुणी म्हणालं, "ओदि."

निवेदक थांबला.

आवाज धीमा होता, अदबीचा. बाईचा की पुरुषाचा ते कळेना. जरा वेळाने पुन्हा, "ओदि." मग तिसऱ्यांदा. नंतर शांतता, आणि मग निवेदकाने अर्धवट राहिलेला भाव पुढे वाचला.

एलुबीने दुसरं काही लावलं. चर्चच्या गायकवृंदाचं गाणं. हे तिने स्वतःच नोंदवलं होतं, दारं लावून घेऊन, आणि त्या सकाळी कुणीही आलं नव्हतं हे तिला पक्कं आठवत होतं. चाळीस गळे एका सुरात चढत होते. "ओदि." चाळीस गळे एकदम बंद. त्या शांततेत एका पोराने नाक ओढलं, कुणाची चप्पल सरकली, सगळे दाराकडे कान लावून उभे असावेत अशी ती शांतता होती. तिसऱ्या हाकेनंतर गाणं जिथे तुटलं तिथूनच उचललं गेलं.

दोन नोंदी एकमेकींत मिसळल्या असतील. डिस्क बिघडल्या की असं होतं, तिने पूर्वी पाहिलं होतं. पण मिसळलेल्या आवाजासाठी माणसं थांबून ऐकत नाहीत.

५

अबिटी सैदींची मुलाखत लावायला तिचा हात धजावेना. शेवटी स्वतःवरच चिडून तिने ती लावली. म्हातारीचा खणखणीत, जरा कुत्सित आवाज खोलीभर झाला.

"हद्द विचारतोस? लिहून घे. उगवतीला न्जाले ओढा. ओढा मळ्याचा नाही, आमचा. तिथून वर चढलं की..."

"ओदि."

म्हातारी थांबली. आणि नेमके त्याच वेळी काचिंग्वे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी हाक ऐकली, आणि दाराकडे न बघता मागच्या भिंतीकडे वळले. हाक तिकडूनच आली होती. त्या भिंतीत दार नव्हतं. पण काचिंग्वे भल्या घरचे गृहस्थ, कुणी ओदि म्हटलं की उत्तर त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं.

"ओ..."

एलुबीने उडी मारून त्यांच्या तोंडावर हात दाबला.

सगळे पंखे थांबले. आठव्या खणाचा हिरवा दिवा लुकलुकायचा बंद होऊन स्थिर जळू लागला. त्याच्यावरची चिकटपट्टी आतून फुगली. त्या शांततेत एलुबीला काचिंग्वेंचा श्वास तळहातावर लागत होता, आणि तसाच उबदार, पण वेगळ्या लयीतला दुसरा श्वास मानेवर.

"ओदि," दुसरी हाक आली. मग तिसरी.

कुणी काही बोललं नाही. पट्टी बसली, पंखे घोंघावले, आणि म्हातारीने सुरू केलं, "...तिथून वर चढलं की तीन म्बावाची झाडं, आणि त्यांच्यापुढे आमच्या कबरींची राई. तिथपर्यंत आमचं. त्याच्यापुढे मळ्याने खुशाल तंबाखू लावावा."

एलुबीने हात काढला. काचिंग्वेंनी रुमालाने तोंड पुसलं.

"तू माझ्या तोंडावर हात ठेवलास," ते हळू आवाजात म्हणाले.

"ठेवला. परत वेळ आली तर परत ठेवीन."

"ते कोण होतं?"

"तुम्ही घरात घेणार होतात, तुम्हीच सांगा."

काचिंग्वे खुर्चीत बसले. "तेवढं कापून टाक आणि उरलेलं दे न्यायालयाला."

"कापायचं? न्यायालयाचा हुकूम वाचलात का? नोंद जशी आहे तशी, काना-मात्रेचा बदल न करता. मळ्याचा वकील टपूनच बसलाय. एक खाच दिसली की म्हणेल, बघा, गावाने आवाज बनवला." तिचा आवाज चढला. "आमच्या आजोळच्या कबरी नांगराखाली जाणार, आणि का, तर विजेचा दणका अडवणारं एक यंत्र बसवायला तुम्हाला फुरसत नव्हती."

यावर काचिंग्वे 'बघू या' म्हणाले नाहीत. ते उठले आणि मागच्या भिंतीकडे पाठ न करता दारापर्यंत गेले.

एलुबीने नोंदीची प्रत काढली. तिने ती फोनवर ऐकून पाहिली, अंगणात, भर उन्हात, कोंबड्यांच्या गलक्यात. तीन हाका तिच्यातही होत्या. उत्तर दिलं नाही की म्हातारी पुढे बोलत होती. एवढंच सांभाळायचं होतं.

६

"यंत्राला कोण कशाला उत्तर देईल?" जैलोस मामा म्हणाले.

गुरुवारची सकाळ. न्यायालयाच्या ओसरीवर सगळं आजोळ जमलं होतं. म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर पाय पसरून बसलेल्या, कुणी तळलेली गोड मंदासी खातंय, कुणी दुसऱ्याच्या हातातली. जैलोस मामा त्या सगळ्यांचे थोरले. आईकडच्या गोतात भाच्यांनी मामाचा शब्द मोडायचा नसतो, म्हणून एलुबीने आधी त्यांनाच गाठलं होतं.

"मामा, ते यंत्राचं वाटत नाही. खरंच कुणी दारात आहे असं वाटतं. तीनदा हाक येईल. तीनही वेळा सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं."

"आणि बोललं कुणी तर?"

"तर अबिटी सैदी हद्द सांगणार नाहीत."

"मेलेल्या बाईने रुसायचं?"

"मामा, हसू नका."

तिच्या तोंडाकडे बघून मामा हसायचे थांबले. त्यांनी काठी आपटली आणि पायऱ्यांवरच्या बायकांना बजावलं. एनिफा मावशीला ते मुळीच पटलं नाही.

"दारातल्या माणसाला उत्तर द्यायचं नाही? हेच शिकलीस का शहरात?"

"मावशी, मी कुठल्या शहरात गेले? मी चिसुंग्यात तर असते."

"तेच ते. रेडिओत बसून अक्कल गेली. माझ्या आईने उपाशीपोटी असताना पाहुण्याला ओदिनि म्हटलंय."

"आज नका म्हणू. कबरींसाठी नका म्हणू. तुमच्या आईचीच कबर आहे ना तिथे?"

मावशीने तोंड फिरवलं, पण चितेंजेचं टोक दातांत धरून दाखवलं, की बघ, अशी बसेन. एलुबीने मग दाराशी उभ्या पोलिसाला सांगितलं, कारकुनाला सांगितलं. मळेवाल्यांच्या वकिलालाही सांगितलं. तो म्हणाला की गावाच्या पुराव्याशी बोलायची त्याला किंवा त्याच्या माणसांना हौस नाही. हा उद्धटपणा एरवी तिला झोंबला असता. आज तिने त्याचे आभार मानले.

आता कुणी राहिलं नव्हतं. तिने ओसरीवरून एकदा नजर फिरवली आणि तिला बरंच हलकं वाटलं.

७

न्यायालयाची खोली लांबट होती, वर पत्रा. एका बाजूला मळ्याचे लोक इस्त्रीच्या सदऱ्यांत, दुसऱ्या बाजूला दोन लांब बाकांवर आजोळ, आणि पुढच्या बाकाच्या कडेला एलुबी. न्यायाधीश हे पलीकडच्याच खोऱ्यातले, वयस्क, हळू लिहिणारे. प्रत्येक साक्ष ते स्वतःच्या हाताने उतरवून घेत.

"लावा," ते म्हणाले. "मध्ये थांबवू नका. मी लिहीत जाईन."

कारकुनाने कळ दाबली. अबिटी सैदींचा आवाज पत्र्याखाली घुमला आणि मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका गिळला. मळ्याच्या बाजूचा एक म्हातारा मुकादम तो आवाज ऐकून चुळबुळला. त्याने ती बाई पाहिलेली होती, तिच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. आवाज खरा आहे याबद्दल त्या खोलीत कुणालाच शंका उरली नाही. एलुबीने मुठी आवळल्या. होतंय, तिला वाटलं. आपण जिंकतोय.

"...तिथून वर चढलं की..."

"ओदि."

हाक कर्ण्यातून आली नाही. मागच्या दाराकडून आली. दार उघडंच होतं आणि बाहेर रिकाम्या अंगणात ऊन पडलं होतं.

कुणी बोललं नाही. एनिफा मावशीच्या दातांत चितेंजे होतं आणि तिचे डोळे पाण्याने भरले होते. जैलोस मामांनी काठीवर दोन्ही हात घट्ट धरले. पोलीस छताकडे बघत होता.

"ओदि."

एका म्हातारीचे ओठ हलले. शेजारणीने तिचा गुडघा दाबला. वकील आपली बोटं न्याहाळत होता. खोलीतली साठ माणसं जन्मभराची सवय घशात अडवून बसली होती. एवढ्या सगळ्यांनी आपल्यासाठी हे करावं याचं एलुबीला भरून आलं. आता एकच हाक. एक हाक गेली की म्हातारी तीन झाडं सांगेल, राई सांगेल, आणि मळेवाल्यांचे खांब उपटून निघतील.

"ओदि."

न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. ओढ्याचं नाव त्यांना नीट लिहायचं होतं. दिवसातून कितीतरी लोक त्यांच्या दाराशी असे येत, आणि ते हातातलं काम न सोडता ज्या सुरात उत्तर देत, त्याच सुरात, मान वर न करता, त्यांनी म्हटलं, "ओदिनि."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोलिसाला सांगितलं, शत्रूच्या वकिलाला सांगितलं. पण उंच खुर्चीवरच्या माणसाला काय बोलू नये हे सांगायचं एलुबीला सुचलंच नव्हतं.

नोंदीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"या," अबिटी सैदी म्हणाल्या. त्यांचा खणखणीतपणा गेला होता. घरी आलेल्या थोरामोठ्याशी बोलावं तशा त्या बोलत होत्या. "बसा. हद्दीचं आता मला नका विचारू रे पोरांनो. हे आलेत. यांना विचारा."

पुढे शब्द नव्हते. नुसता श्वास, येत होता आणि थांबत होता.

एलुबी उठून ओरडणार होती. हे खरं नाही, हे त्यांनी म्हटलेलं नाही, ती म्हातारी मेली तेव्हा तीन झाडांची नावं घेत मेली, हे सगळं तिच्या ओठांवर होतं. पण पुढच्या बाकावर हालचाल झाली. एलुबीशेजारी बसलेल्या जैलोस मामांनी काठी उचलून पायांजवळ घेतली आणि ते थोडे आत सरकले. मावशी सरकली. तिच्या शेजारची सरकली. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तशी सगळी माणसं अदबीने एकमेकांना चिकटत गेली, आणि मामा व एलुबी यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा मोकळी झाली.

न्यायाधीशांनी मान वर केली. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"नाव सांगा," ते म्हणाले, आणि लिहू लागले.

एलुबीच्या कोपराला ऊब लागत होती. तिच्या आजोळची जमीन तिच्या डोळ्यांदेखत त्या कागदावर दुसऱ्या कुणाची होत होती आणि संतापाने तिचे दात करकरत होते. बाकावर मात्र दाटी झाली होती. पाहुण्याला आपला धक्का लागू नये म्हणून तीही जराशी सरकली.